दारातला बाप

(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात कोणीतरी मोठा वक्ता येतो. प्राध्यापक असतो, डॉक्टर असतो. यंदा कार्यकारिणीने मला उभं केलं. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. राज्य सरकारच्या नोकरीत बावीस वर्षं झाली; रस्ते, मोऱ्या, शाळांच्या खोल्या आणि त्यांची बिलं यात दिवस जातो. पण मला सिनेमाचं वेड आहे हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही चहाच्या वेळी सिनेमावर जे बोलता तेच माइकसमोर बोला." म्हणून उभा आहे.

विषय आहे वयात येणाऱ्या मुलामुलींचे सिनेमे. खरं सांगायचं तर हा विषय माझा नाही, माझ्या मुलीचा आहे. ती पीयूला आहे. तिने मला हा विषय कसा शिकवला तेवढंच आज सांगणार आहे.

सुरुवात एका इंग्रजी सिनेमापासून करतो. त्याचं नाव 'बियाँड क्लूलेस'. 2014 साली चार्ली लाइन नावाच्या विशीतल्या एका ब्रिटिश मुलाने तो केला. दीड तासाचा आहे. त्यात नवीन चित्रीकरण जवळजवळ नाहीच. 1995 च्या 'क्लूलेस'पासून पुढे साधारण दहा वर्षांत अमेरिकेत शाळकरी पोरांवर ढिगाने सिनेमे निघाले. असे दोनशेहून जास्त सिनेमे या मुलाने पाहिले, त्यांतले तुकडे कापले आणि एकापुढे एक जोडले. वर एका बाईचा आवाज आहे. ती बाई म्हणजे फेरुझा बाल्क. 1996 च्या 'द क्राफ्ट' या सिनेमात तिने स्वतःच चेटूक करणाऱ्या शाळकरी मुलीचं काम केलं होतं. पैसे कुठून आणले? लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी काढली! म्हणजे आपण गणपतीला काढतो तशीच. फरक एवढाच की त्याला दारोदार हिंडावं लागलं नाही आणि "मागच्या वर्षी एवढीच दिली होती" हे ऐकावं लागलं नाही.

अशा सिनेमाला निबंध-चित्रपट म्हणतात. डॉक्युमेंटरी म्हटली की आपल्याला जुन्या थिएटरात मुख्य सिनेमाआधी लागणारे फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आठवतात. धरण, पीक, लसीकरण वगैरे. निबंध-चित्रपट माहिती देत नाही, तो विचार करतो. शाळेत 'माझा आवडता ऋतू' असा निबंध असायचा. पावसाची माहिती भूगोलात येते, निबंधात मला पाऊस कसा दिसला ते येतं. तसंच हे. लाइनने काय केलं? गोष्टी बाजूला ठेवल्या आणि जागा बघितल्या. शाळेचा लांब कॉरिडॉर, पोहण्याचा तलाव, पार्टी, शेवटच्या दिवसाचा नाच. दोनशे सिनेमांत तोच कॉरिडॉर, तीच नवीन आलेली घाबरलेली मुलगी. एक सिनेमा बघताना जे लक्षात येत नाही ते दोनशे तुकडे शेजारी ठेवले की दिसायला लागतं. आमच्या खात्यात एका रस्त्यावरचा एक खड्डा म्हणजे तक्रार असते. पण तालुक्यातल्या सगळ्या रस्त्यांवर त्याच जागी खड्डे दिसले, तर ती डिझाइनची चूक असते. हेही तसंच आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलीने हा सिनेमा कुठूनतरी पाहिला आणि तिच्या डोक्यात आलं की आपल्या मराठी आणि कन्नड सिनेमांचं असं काही करून बघावं. लॅपटॉप होताच. ती कामाला लागली.

आता हे मी मोठ्या कौतुकाने सांगतोय, पण तेव्हा घरात वातावरण बरं नव्हतं, तेही सांगायला हवं. दिवाळीच्या आधी तीन आठवडे मी तिचा फोन काढून घेतला होता. कारण काय, तर तिच्या वर्गातल्या एका मुलाचा मेसेज मी पाहिला. "उद्या येणार ना?" एवढाच. खाली केमिस्ट्रीच्या वहीचा फोटो. मी काही विचारलं नाही. फोन घेतला आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. ती भांडली नाही, रडली नाही. मला वाटलं, चला, ऐकलं. बायको म्हणाली, "ती ऐकत नाहीये, ती बोलायची थांबलीय." मी लक्ष दिलं नाही.

त्यामुळे ती लॅपटॉपवर जुने मराठी सिनेमे बघत बसली तेव्हा मला बरंच वाटलं. मराठी बघतेय ना, बघू दे. आपल्या सगळ्यांची ती काळजी असतेच. आपल्या मुलांची शाळा इंग्रजी, रस्ता कन्नड आणि मराठी फक्त स्वयंपाकघरात उरलंय. मीही मग रात्री तिच्या शेजारी जाऊन बसायला लागलो.

तिने यादी केली होती. सुजय डहाके यांचा 'शाळा', मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा, 2012 च्या जानेवारीत लागला. त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रवी जाधव यांचे दोन, 2013 चा 'बालक पालक' आणि 2014 चा 'टाइमपास'. नागराज मंजुळे यांचे दोन, 'फँड्री' आणि 'सैराट'. उमेश कुलकर्णींचा 'विहीर'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2002 चा 'दहावी फ'. आणि अलीकडचा आशिष बेंडे यांचा 'आत्मपॅम्फ्लेट', जो 2023 साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. कन्नडमध्ये तिने 'गंटुमूटे' घेतला, रूपा राव यांचा, 2019 चा. आणि रिषभ शेट्टींचा कासरगोडच्या सरकारी शाळेवरचा, 2018 चा. मी हट्टाने तिला 'नागरहावु' घ्यायला लावला. 1972 चा, पुट्टण्णा कणगाल यांचा. माझ्या वडिलांचा तो लाडका सिनेमा.

पहिल्या रात्री तिने मला एक प्रश्न विचारला. म्हणाली, "बाबा, हे सगळे सिनेमे जुन्या काळातले का असतात?"

मी विचार केला आणि खरंच की! 'शाळा' आणीबाणीच्या काळात घडतो. 'बालक पालक'मध्ये चाळ आहे आणि व्हीसीआर आहे. 'टाइमपास' नव्वदच्या दशकातला. 'आत्मपॅम्फ्लेट'सुद्धा त्याच सुमाराच्या बालपणाची आठवण. अमेरिकेतले ते सिनेमे त्या त्या वर्षाच्या पोरांसाठी काढलेले होते. त्यांचे कपडे, त्यांची गाणी, त्यांची भाषा. आपले सिनेमे वयात येणाऱ्या पोरांवर आहेत, पण त्यांच्यासाठी नाहीत. ते आपल्यासाठी आहेत. चाळीशी-पन्नाशीच्या माणसाने थिएटरात बसून डोळे पुसावेत म्हणून. त्यात दोष नाही, मीही पुसलेत. पण मुलीचं म्हणणं असं की, "तुम्हाला तुमचं सोळावं वर्ष एवढं आवडतं, मग माझं का नाही आवडत?"

मी म्हटलं, 'फँड्री' आणि 'सैराट' तर आजचे आहेत. ती म्हणाली, "म्हणूनच ते गोड नाहीत." खरं आहे. 'फँड्री'त जब्याला काळी चिमणी पकडायची असते, तिची राख शालूवर टाकायची असते, म्हणजे ती आपली होईल अशी त्याची समजूत. आणि शेवटी सगळ्या गावासमोर, शालूसमोर त्याला डुक्कर धरावं लागतं. त्याने शेवटी भिरकावलेला दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. जुन्या काळातल्या गोष्टीत दगड आपल्याला लागत नाही, कारण "तेव्हा तसं होतं" म्हणायची सोय असते. आजच्या गोष्टीत ती सोय नाही.

दुसऱ्या रात्रीचा प्रश्न असा होता, "बाबा, गोष्ट नेहमी मुलगाच का सांगतो?" 'शाळा'त जोशी सांगतो. शिरोडकर काय विचार करते? आपल्याला कळत नाही. तिच्या वडिलांची बदली होते आणि ती जाते. 'फँड्री'त शालू तर जब्याशी कधी धड बोलतसुद्धा नाही. ती दिसते आणि जाते. 'आत्मपॅम्फ्लेट'मध्येही आठवण मुलाची. गंमत म्हणजे 'शाळा'तली शिरोडकर आणि 'टाइमपास'मधली प्राजक्ता ही एकच अभिनेत्री, केतकी माटेगावकर. मुलीने दोन्ही सिनेमांतले तिचे चेहरे जोडले होते, पाठोपाठ, काही न बोलता. बघताना वाटतं की ही एकच मुलगी एका सिनेमातून निघून दुसऱ्यात आली, काळ बदलला, बाप बदलला, पण तिला कोणी विचारलंच नाही की बाई, तुझी गोष्ट काय आहे.

इथे 'गंटुमूटे' वेगळा पडतो. तो नव्वदच्या दशकातलाच आहे, पण शाळकरी मीरा स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जरूर पाहावा. आपल्याला कन्नड येतं, हा आपला फायदा आहे. मुंबई-पुण्याच्या मराठी माणसाला तो नाही.

आणि मग अर्ची. 'सैराट' 29 एप्रिल 2016 ला लागला. मी बेळगावला मेहुण्याकडे गेलो होतो तेव्हा तिथे पाहिला. अर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, पहिलं पाऊल तीच टाकते. ती भूमिका करणारी रिंकू राजगुरू त्या वेळी खरोखरच शाळकरी वयाची होती. तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. पुढच्याच वर्षी एस. नारायण यांनी तो कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' म्हणून केला आणि त्यातही रिंकूच होती. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांत तीच मुलगी पळून गेली आणि दोन्ही भाषांत तिचा शेवट तोच झाला.

तो शेवट मी इथे सांगत नाही. बहुतेकांनी पाहिला आहे. मला आठवतं, तेव्हा आपल्या मंडळातही चर्चा झाली होती. कोणी म्हणालं, असले सिनेमे मुलांना बिघडवतात. कोणी म्हणालं, शेवटी चूक मुलीचीच. मीही त्या चर्चेत होतो आणि मीही मान डोलावली होती. घरी येऊन बायकोला म्हणालो, "आपली अजून लहान आहे." त्या वेळी ती आठ वर्षांची होती. आठ वर्षांच्या मुलीबद्दल मी काय हिशेब करत होतो, याचा आज विचार केला की मला लाज वाटते.

तिसऱ्या रात्री तिने जागा दाखवायला सुरुवात केली. लाइनने जसा कॉरिडॉर शोधला तशी ती आपल्या सिनेमांत पोरं कुठे भेटतात ते शोधत होती. अमेरिकेतल्या पोराला स्वतःची खोली असते, गाडी असते, आईबाप पडद्यावर जवळजवळ नसतातच. आपल्याकडे? सायकल. गच्ची. जिना. ट्यूशनची वाट. विहीर. 'शाळा'तली चार पोरं तर एका अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये जाऊन बसतात. मी सिव्हिलचा माणूस, मला हसू आलं. आम्ही साइटवर पोरं बसलेली दिसली की हाकलतो, अपघात होईल म्हणून. ते बरोबरच आहे. पण त्यांना बसायला दुसरी जागा ठेवली आहे का, हा प्रश्न माझ्या कुठल्याच एस्टिमेटमध्ये आला नाही.

आणि या सगळ्या जागांच्या शेवटी एक दार असतं. त्या दारात बाप उभा असतो. 'टाइमपास'मध्ये प्राजक्ताचे वडील, लेले. वैभव मांगलेंनी काय काम केलंय! घरात शिस्त, संस्कार, दरारा. आपण त्यांना हसतो. 'सैराट'मधले अर्चीचे वडील, त्यांना आपण घाबरतो. 'फँड्री'तला जब्याचा बाप, किशोर कदम. तो दारात उभा राहत नाही, कारण त्याला स्वतःलाच कोणी दारात उभं करत नाही. त्याची आपल्याला दया येते. आणि 'नागरहावु'मध्ये तर बापाच्या जागी चामय्या मेष्ट्रु आहेत, अश्वथ यांनी केलेले. किती प्रेमळ! पोटच्या पोरासारखा जीव लावतात रामाचारीवर. तरी जातीचा प्रश्न आला की आधी अलमेलूला आणि मग मार्गारेटला ते त्याच्यापासून तोडायला जातात. शेवट काय? चित्रदुर्गाच्या डोंगरावर रामाचारी, मार्गारेट आणि गुरुजी, तिघांचाही मृत्यू.

माझे वडील तो सिनेमा बघून दर वेळी म्हणायचे, "गुरू असावा तर असा." मीही तेच म्हणत आलो. मुलगी म्हणाली, "बाबा, पण ते चुकले ना? प्रेम होतं म्हणून चूक छोटी होते का?" मला उत्तर देता आलं नाही.

आता तिचा सिनेमा. तो अकरा मिनिटांचा झाला. नाव 'दार'. तिने तुकडे जोडले, आणि वर बोलायचं निवेदन लिहिलं मराठीतून. मी तिला सांगितलं नव्हतं. म्हणाली, "घरातल्या गोष्टी मला मराठीतच सांगता येतात." ती लिहिलेली चार पानं तिने माझ्याकडे दिली, तपासून द्या म्हणून.

मी लाल पेन घेतलं. सरकारी माणूस, फाइल आली की लाल पेन! 'न' आणि 'ण' चुकलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, मध्येच कन्नड वाक्यरचना. पहिलं पान लालेलाल केलं. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं, "बाबा रागावत नाही, तो फक्त दारात थांबतो." मी 'तो' खोडून 'ते' केलं. 'रागावत' खोडून 'रागवत' करू का असा विचार करत होतो. आणि तेवढ्यात हात थांबला.

1996 ची गोष्ट आहे. मी एसएसएलसीला होतो. वडील रेल्वे वर्कशॉपमध्ये. ट्यूशनला एक मुलगी यायची, कन्नड घरातली. मी तिला चिठ्ठी लिहिली, कन्नडमधून. माझं कन्नड तेव्हा क्रिकेट खेळण्यापुरतं होतं. ती चिठ्ठी मी कधी दिलीच नाही, बीजगणिताच्या पुस्तकात ठेवली. वडिलांना ती सापडली. ते मारकुटे नव्हते. त्यांनी मला मारलं नाही. शेजारी एक कन्नड शिक्षक राहायचे, त्यांना बोलावून ती चिठ्ठी अंगणात मोठ्याने वाचून घेतली. शिक्षक चांगले होते, पण त्यांना राहवलं नाही; ते एकेक चूक दाखवत गेले. इथे काना हवा, इथे विभक्ती चुकली. सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी जिन्याच्या खाली उभा होतो.

त्या दिवसानंतर मी त्या घरात काहीही लिहून ठेवलं नाही. वडील गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात रात्र-रात्र मी त्यांच्याजवळ बसायचो. ते पगार, पेन्शन, घराची कागदपत्रं सगळं बोलायचे. पण माझ्या मनातली एक गोष्ट मी त्यांना सांगू शकलो नाही. सवयच राहिली नव्हती. ते वाईट नव्हते हो. चामय्या मेष्ट्रुंसारखेच प्रेमळ होते.

मी लाल पेन ठेवलं. पहिल्या पानावरच्या खुणा पुसता येत नव्हत्या. तिला पानं परत दिली आणि म्हटलं, "आहे तसंच बोल. तुझं बरोबर आहे." तिने लाल झालेलं पान बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "न-ण तेवढं दुरुस्त करते. ते खरंच चुकलंय."

आठवड्याने तिने सिनेमा दाखवला. मी, बायको आणि माझी आई. सायकली आल्या, गच्च्या आल्या, केतकी माटेगावकरचे दोन चेहरे आले, दारातले बाप आले. आणि अगदी शेवटी तिने स्वतः मोबाइलने घेतलेलं दहा-बारा सेकंदांचं एक चित्र होतं. मार्क कझिन्स नावाचा एक दिग्दर्शक आहे, त्याने 2013 साली मुलं आणि सिनेमा यावर असाच निबंध-चित्रपट केला. त्यात जगभरच्या सिनेमांच्या मध्ये मध्ये स्वतःची भाची आणि भाचा घरात खेळताना दाखवलेत. ती कल्पना तिने तिथून घेतली असावी. तिचा मोबाइल तर माझ्या ड्रॉवरमध्ये होता, म्हणून आईचा घेतला होता.

चित्र होतं तिच्या खोलीच्या दाराचं, आतल्या बाजूने. दारावर कडीच्या जागी चार भोकं. नुसती स्क्रूची चार भोकं.

ती कडी मीच काढली होती. ती दहावीला गेली तेव्हा, अभ्यासावर लक्ष राहावं म्हणून. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाच मिनिटांत काढली आणि विसरलो. दीड वर्ष ती मुलगी त्या चार भोकांकडे बघत झोपत होती. घरात कोणी काही बोललं नाही. आईने फक्त पदराने डोळे टिपले आणि मला म्हणाली, "तुझ्या चिठ्ठीला मी हसायला नको होतं." एकोणतीस वर्षांनी! मला वाटत होतं ती विसरली असेल.

मंडळी, आपण इथे बसलेले बहुतेक जण पिढ्यान्‌पिढ्या या हुबळी-धारवाडात आहोत. आपलं घर इथलं, नोकरी इथली, पेढा इथला. तरी मनात एक धास्ती असते, की भाषा जाईल, घराणं जाईल, मुलं कुठल्या कुठे जातील. ती धास्ती खोटी नाही. कासरगोडच्या शाळेचा तो कन्नड सिनेमा बघताना मला आपलीच आठवण झाली. केरळातली कन्नड शाळा आणि ती टिकावी म्हणून झगडणारी पोरं. तिथली भाषा वेगळी, पण काळजी तीच. फक्त एक फरक मला दिसला. त्या सिनेमात भाषा पोरं राखतात. आपण भाषा राखण्यासाठी पोरांना राखतो, आणि त्यातही जास्त करून मुलींना. मुलगी घरात राहिली की मराठी घरात राहील, असा आपला हिशेब. माझ्या मुलीने मला दाखवलं की मराठी ती बंद दारामुळे बोलत नाही. घरात तिचं कोणी ऐकत असेल तर बोलते.

याचा अर्थ मी सगळं मोकळं सोडा असं सांगतोय का? नाही. मीही बाप आहे, मलाही रात्री साडेनऊला ती आली नाही की घड्याळ दिसतं. फोन मी परत दिला, पण रात्री अकरानंतर तो हॉलमध्ये चार्जिंगला राहतो. माझाही तिथेच राहतो. ही अट तिने घातली. त्या वहीवाल्या मुलाचं नाव मी विचारलं. तिने सांगितलं. एकदा घरी येऊन चहा पिऊन गेला. केमिस्ट्रीत हुशार आहे, भित्रा आहे. पुढे काय ते मला माहीत नाही. मला माहीत नाही, हे सहन करायला शिकतोय.

आणि कडी मी परत बसवली. जुन्या भोकांत स्क्रू धरेनात, लाकूड सैल झालं होतं. अर्धा इंच वर नवी भोकं पाडावी लागली. जुनी चार भोकं तशीच आहेत. लांबी भरून टाकू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, राहू देत.

आता शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम असतो. नाच, श्लोक, वेशभूषा, सगळं छान असतं. यंदा त्यात एक तास वाढवा. रीतसर परवानगी काढून 'शाळा' किंवा 'गंटुमूटे' दाखवू. कारण सार्वजनिक ठिकाणी पूर्ण सिनेमा दाखवायला हक्कदाराची परवानगी लागते. समीक्षेसाठी तुकडे वापरायला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 खाली सवलत आहे, पण ती अख्ख्या सिनेमाला नाही. हे मी सरकारी माणूस म्हणून सांगून ठेवतो. सिनेमा झाला की तेरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींनी बोलायचं. ज्या भाषेत येईल त्या भाषेत. आपण मोठ्यांनी फक्त बसायचं. मध्ये बोलायचं नाही, व्याकरण सुधारायचं नाही, "आमच्या वेळी" असं म्हणायचं नाही. एक तास. बाप्पाला एवढे मोठे कान दिलेत ते उगाच नाही.

माझ्या मुलीचा 'दार' दाखवाल का, असं काहींनी विचारलं. मी तिला विचारलं. ती म्हणाली, विचार करून सांगते. तेव्हा मी काही कबूल करत नाही. हो म्हणाली तर ती स्वतः दाखवेल.

एवढं बोलून थांबतो. 

गणपती बाप्पा मोरया!